कोऱ्या सातबाऱ्याचा भाव

गिरणारे रस्त्याला आता जमिनीचा भाव एकरावर सांगत नाहीत, गुंठ्यावर सांगतात. चाळीसने गुणायचं काम आपलं. गुंठ्यावर भाव आलेल्या गावात जमीन पिकासाठी विकली जात नाही. गंगापूर धरणाचं पाणी गच्चीवरून दिसेल का, यावर ती विकली जाते. आम्हाला शेती करायची होती, म्हणून २०२२ मध्ये शोधाला लागलो तेव्हा ती बाजू लगेचच सोडून दिली.

आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा. कायद्याने शेतकरी मी. वडील गेल्यावर येवला तालुक्यातल्या आमच्या उताऱ्यावर वारस नोंद झाली, तेव्हा आई आणि भावांबरोबर माझंही नाव लागलं. नवरा सातपूरला कारखान्यात, त्यांच्या घरात आजोबांपासून सगळे नोकरदार. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, त्यामुळे खरेदी माझ्याच नावावर होणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. तरी प्रत्येक दलाल बोलणार ह्यांच्याशीच. "साहेब, काळी कसदार आहे, डोळे झाकून घ्या." मी तोवर विहिरीत डोकावून पाणी बघत असायचे. एकाने तर सांगितलं, "साहेबांचंही नाव लावू, शेतकरी दाखल्याचं माझ्यावर सोडा, बाहेरच्या जिल्ह्यातून काढून आणतो." अशा दाखल्यावर झालेली खरेदी तहसीलदार कलम ८४ क खाली अवैध ठरवू शकतो. त्या माणसाला परत फोन केला नाही.

भाव का चढतोय हे नीट समजून घेतल्यावरच आम्हाला कुठे बघायचं आणि कुठे नाही ते कळायला लागलं. सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. थेट खरेदीने जमीन दिलेल्यांना बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला. शेतकऱ्याच्या हातात जमिनीचा पैसा आला की तो पुन्हा जमिनीतच जातो, आणि साहजिकच शेजारच्या तालुक्यांत जातो. दुसरे गिऱ्हाईक शहरालगतचे. नाशिकच्या हद्दीजवळची जमीन बिल्डरला दिली की नफ्यावर भांडवली कर लागतो, पण दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर आयकरात सूट मिळते. ज्याच्या खात्यात पैसे पडून आहेत आणि ज्याची मुदत संपत आलीय, तो घासाघीस करत बसत नाही. अशा माणसाच्या शेजारी बसून बोली लावण्यात आम्हाला अर्थ नव्हता.

उरलेली वाढ नुसत्या बोलण्याची. सुरत-चेन्नई महामार्गाची मोजणी झाली, दिंडोरी-निफाड-सिन्नरच्या गावागावांत मोबदल्यावरून बैठका झाल्या आणि रस्त्याचा पत्ता नसताना आजूबाजूचे भाव चढून बसले. नाशिक-पुणे रेल्वेचं तेच. २०२७ च्या सिंहस्थाचं नाव तर आता कुठल्याही व्यवहारात निघतं. चांदवडच्या पुढे राहुड घाटाकडची जमीन दाखवताना एक जण म्हणाला, "कुंभमेळ्यानंतर हा भाव राहणार नाही, ताई." राहुडला कोण साधू स्नानाला येणार होता?

तालुक्यांचा हिशेब मग भरभर उरकला. निफाडला जमीन निघतच नाही, निघाली तर भाऊबंदकीतच फिरते. दिंडोरी आवडलं होतं. वाघाड, करंजवणचं पाणी, द्राक्षाचं वळण, मोहाडीसारखी निर्यातीची सोय. पण तळेगाव-अक्राळेच्या औद्योगिक वसाहतीनंतर रस्त्यालगतच्या जमिनीचे मालक पिकाचं बोलतच नाहीत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडे भाव ऐकून मोह व्हायचा, पण तिथल्या बहुतेक जमिनी आदिवासी खातेदारांच्या. महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ मुळे त्या बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाहीत, आणि माझ्या मते तशा घ्यायच्या मागे लागूही नये. "नोटरी करून ताबा घ्या, कोण विचारतं" असं सांगणारे तिथे बरेच भेटले.

राहिला चांदवड. पाऊस कमी, जमीन हलकी ते मध्यम, कांदा आणि मका. माझ्या माहेरची माती तशीच असल्यामुळे मला ती ओळखीची वाटली. तिथेही भाव पळत होताच. मांजरपाडा प्रकल्पाचं वळवलेलं पाणी पुणेगाव-दरसवाडी कालव्याने येवल्याकडे जातं. त्या कालव्याचं नाव घेऊन दलाल एकरामागे दोन-चार लाख सहज वाढवून सांगायचे. आम्ही प्रत्येक वेळी एकच विचारायचो, शेत कालव्याच्या खालच्या अंगाला की वरच्या? वरच्या अंगाला असेल तर ते पाणी डोळ्यांनी बघण्यापुरतंच, उचलायचं तर परवानगी, मोटर, पाइपलाइन सगळं आपलं.

जमीन बघायला आम्ही मुद्दाम एप्रिल-मेमध्ये जायचो. ऑक्टोबरात सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात.

एवढं करूनही गाडी अडली होती. आमच्याकडे चाळीसच्या आत पैसे, म्हणजे चाळीस लाख. ह्यांच्या पीएफमधून काढलेले, माझं थोडं सोनं, एक मुदत ठेव. वर्षाच्या सुरुवातीला जे अडीच एकर बसत होतं ते वर्षाअखेरीस पावणेदोनवर यायचं. घरासाठी बँक दारात येते, शेतजमीन घ्यायची म्हटलं की तीच बँक तुमच्याकडे नवल वाटल्यासारखी बघते.

वाट दाखवली ती चांदवड कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एका वयस्कर वकिलांनी. त्यांना आम्ही काकाच म्हणायला लागलो. ते म्हणाले, "तुम्ही सगळे कोऱ्या सातबाऱ्याच्या मागे आहात. भाव चढतोय तो कोऱ्या उताऱ्याचा. अडकलेल्या उताऱ्याकडे कोणी फिरकत नाही, तिथे मालकच गिऱ्हाइकाची वाट बघतो. फक्त अडकलंय ते सुटणारं आहे का, ते मला विचारा."

त्यानंतर आम्ही उतारे वेगळ्या नजरेने वाचायला लागलो. ऑनलाइन सातबारा आणि आठ अ काढायचा, इतर हक्कात काय लिहिलंय ते बघायचं, मग जुने फेरफार काढून काकांपुढे ठेवायचे. देवस्थान इनाम दिसलं की कागद बाजूला. आदिवासी खातेदार, बाजूला. वाटणीचा दावा कोर्टात चालू असेल तर "तुमची मुलं निकाल ऐकतील" म्हणून बाजूला. एका ठिकाणी जमीन सुरेख होती, पण खातेदारांत 'अज्ञान पालनकर्ता आई' अशी नोंद होती. अज्ञान मुलाचा हिस्सा घ्यायचा तर जिल्हा न्यायालयाची परवानगी लागणार होती. काका म्हणाले, होईल, पण तुमचा ठरलेला भाव तोवर टिकणार नाही. तेही सोडलं. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, वारस नोंद न झालेली, कुळकायद्याची अट, हे मात्र त्यांच्या लेखी सुटणारे कागद.

अशी जमीन २०२४ च्या जानेवारीत मिळाली. उताऱ्यावर एकूण ०.९७ हेक्टर, म्हणजे साधारण सत्याण्णव गुंठे, त्यातला ०.०६ पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा, मधून एक नाला गेलेला. भोगवटादार वर्ग २, म्हणजे विकण्यावर सरकारी अट असलेली. इतर हक्कात 'कुळकायदा कलम ४३ ला पात्र'. खातेदार म्हणून वारलेल्या माणसाचंच नाव. त्यांचे दोन मुलगे जमीन विकायला काढून दमले होते, कारण वर्ग २ हे दोन शब्द वाचून गिऱ्हाईक परत जायचं. शेजारी साफ उताऱ्याला एकरी चोवीस लाख मागत होते. या भावांनी वीस म्हटलं आणि सतरावर थांबले.

सतरावर थांबायला आणखी एक कारण होतं, ते सांगायला हवं. आदल्या डिसेंबरात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली होती. लाल कांद्याचे भाव लासलगावला पडले होते आणि घराघरांत पैशाची ओढ होती. माझ्या वडिलांनी आयुष्यभर कांदाच केला, अशा वर्षांत आमच्या घरी काय व्हायचं ते मी बघितलंय. बैठकीत सतरा मी उच्चारला नाही, काकांनी उच्चारला, आणि मी गप्प राहिले. मे महिन्यात बंदी उठली. तेव्हा बोलणी झाली असती तर आकडा वेगळा असता हे दोन्ही बाजूंना माहीत आहे.

कलम ४३ चं प्रकरण मला वाटलं होतं त्याहून फारच सोपं निघालं. कुळाला जमीन मिळाल्याच्या प्रमाणपत्राला दहा वर्षांहून जास्त झाली असतील, तर २०१४ च्या दुरुस्तीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची गरज नाही. शेतसाऱ्याच्या चाळीस पट नजराणा भरायचा. घेणारा शेतकरी हवा आणि तुकडा पडता कामा नये, एवढं बघायचं. आकार, म्हणजे शेतसारा, होता तीन रुपये पंच्याऐंशी पैसे. चाळीस पट म्हणजे एकशे चोपन्न रुपये. एवढ्या रकमेच्या भीतीने एकराचा भाव लाखांनी खाली बसला होता! मुलांना हे कोणी सांगितलंच नव्हतं असं नाही, तलाठी आप्पांनी सांगितलं होतं म्हणे, पण वारस नोंदच झाली नव्हती म्हणून पुढे सरकलं नव्हतं. आणि वारस नोंद का झाली नव्हती? बहिणींमुळे.

पाच भावंडं आणि आई. तीन बहिणी, एक सुरतेला, दोघी तालुक्यातच. भावांच्या डोक्यात असं की बहिणी हक्कसोड करून देतील, साडीचोळी केली की झालं. थोरलीला ते माहीत होतं, म्हणून ती अर्जाच्या कागदाला हातच लावत नव्हती. काकांनी भावांना समोर बसवून सांगितलं की आम्हाला हक्कसोड नको, सहाही जण खरेदीखतात लिहून देणार म्हणून येतील आणि प्रत्येकाचा चेक वेगळा निघेल. भाऊ उठून बाहेर गेले. बाहेर बराच वेळ बोलणं चाललं. मी त्याच संध्याकाळी थोरल्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "सही करीन ना ताई, माझी ना नाहीच. पण माझ्या वाट्याचा चेक माझ्या नावाचा पाहिजे." आठवडाभरात वारस नोंदीचा अर्ज गेला. उताऱ्यावर मुलीचं नाव असण्याने काय फरक पडतो ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

या सगळ्याला वेळ लागणार आणि तोवर भाव वाढणार, हे उघड होतं. पाचशेच्या स्टॅम्पवर विसार पावती करून थांबलो असतो, तर कोणी वीस दिले की आमचे पैसे परत आले असते. म्हणून साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घेतलं. ताबा घेतला नाही. ताब्यासह साठेखताला खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. नोंदणीमुळे व्यवहार सूची दोनमध्ये दिसायला लागला, म्हणजे शोध घेणाऱ्या कुठल्याही वकिलाला तो सापडणार. त्यात भाव गुंठ्यावर लिहिला, साडेबेचाळीस हजार. आणि एक वाक्य काकांनी स्वतःच्या हाताने घातलं: मोजणीत जेवढं लागवडीचं क्षेत्र प्रत्यक्ष ताब्यात मिळेल तेवढ्याचेच पैसे. पोटखराब्याचे पैसे नाहीत.

पैशाच्या बाबतीत भावांना रोख हवी होती. निम्मी तरी. हे प्रत्येक व्यवहारात होतं, आणि कोणी विरोध केला की "ताई, कर कोण भरणार?" असं विचारतात. इथे मला आयकराचा एक नियम कामाला आला. ग्रामीण भागातली शेतजमीन ही भांडवली मालमत्ता धरलीच जात नाही. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून आठ किलोमीटर, एक ते दहा लाखांच्या गावापासून सहा आणि दहा हजार ते एक लाखाच्या गावापासून दोन किलोमीटर, यापलीकडे असेल तर विकणाऱ्याला नफ्यावर कर नाही. हे शेत चांदवडपासून त्याच्या कितीतरी पलीकडे. म्हणजे सगळी रक्कम चेकने घेतली तरी भावांना कर शून्य. उलट वीस हजार किंवा त्यावरची रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो. मी माझ्या ओळखीच्या सीएकडून हे दोन ओळींत लिहून आणलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. धाकटा भाऊ तो कागद घेऊन स्वतःच्या सीएकडे गेला, परत आला आणि म्हणाला, चेकच द्या. मुद्रांक शुल्क आम्हाला पूर्ण रकमेवर भरावं लागलं, सरकारी मूल्यांकन कमी असलं तरी. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांच्या वर नाही, तिथे थोडे वाचले. ज्यांना हा जादा मुद्रांक जड वाटतो त्यांनी पुढे कधी जमीन विकायची वेळ आली तर खरेदीची किंमत कागदावर किती दिसेल, ते बघावं.

काकांनी दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली. हरकतींना पंधरा दिवस. एक हरकत आलीच, शेजारच्या चुलतभावाची. जमिनीवर नव्हे, विहिरीवर. विहीर तिघांत सामाईक, तिसरा हिस्सा त्याचा, आणि भाऊ दलालाला सांगत सुटलेले की विहीर आमचीच. मला खरं तर त्या हरकतीचा फायदाच झाला. विहिरीतला आमचा एक तृतीयांश हिस्सा, तीन दिवसांतून एक दिवसाची पाळी, पाइपलाइन कुठून जाणार, गाडीरस्त्याची वहिवाट किती फुटांची, हे सगळं खरेदीखतात शब्दाने आलं आणि चुलतभावाने संमती म्हणून सही केली. नाहीतर हे तोंडीच राहिलं असतं. मी बघितलेल्या सगळ्या भांडणांत मूळ जमिनीचं भांडण क्वचितच असतं. पाळी, बांध आणि रस्ता यांचीच असतात.

बांधाचं भांडण मोजणीत निघालं. भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज टाकला, लगतदारांना नोटिसा गेल्या, भूकरमापक आले. खुणा रोवल्या तेव्हा तीन गुंठे चुलतभावाच्या बांधाआत. तो म्हणाला, "बांध आजोबांपासून इथंच आहे, बाई. मी काय रात्रीतून सरकवला का?" खरंही असेल. विकणारे भाऊ तावातावाने भांडायला उठले, त्यांना बसवलं. नकाशाची क प्रत घेतली, साठेखतातल्या वाक्याप्रमाणे अठ्ठ्याऐंशी गुंठ्यांचे पैसे दिले, सदतीस लाख चाळीस हजार. ते तीन गुंठे नकाशात आमच्या गटात आहेत आणि वहिवाटीत त्याच्या. विहिरीच्या पाळीत ज्याच्याशी रोजचा संबंध, त्याच्याशी पहिल्याच दिवशी तहसीलदाराकडे जाणं मला परवडलं नसतं.

दरम्यान पावसाळ्यात थोरला भाऊ एकदा नाशिकला घरी आला. चहा झाला. मग म्हणाला, "बाजूची बावीसने गेली, ताई. थोडं वाढवून द्या." साठेखत हातात होतं, नाही म्हणता आलं असतं. भाव वाढवला नाही, पण वारस नोंदीपासून मोजणीपर्यंतचा सगळा खर्च आणि सुरतेच्या बहिणीचं येणं-जाणं आमच्याकडे घेतलं. खर्च तसा फार नव्हता. तो मात्र समाधानाने गेला, आणि मला अजूनही वाटतं की नोव्हेंबरात सहाही जण एका वेळी निबंधक कार्यालयात हजर झाले ते त्यामुळेच. अंगठे, फोटो, सहा चेक. आईंनी चेक हातात घेऊन आधी माझ्याकडे आणि मग पोरांकडे बघितलं आणि पिशवीत घातला. पोरांना दिला नाही.

फेरफार आपोआप तलाठ्याकडे गेला, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. नोटिशीची मुदत संपल्यावर मंडल अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली आणि नाव लागलं. यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

पाण्याचा खर्च मी पहिल्यापासून जमिनीच्या भावातच धरला होता. विहीर जानेवारीअखेर तळाला जाते. उन्हाळ कांदा काढायचा तर अस्तरीकरणाचं शेततळं लागणारच. नाल्याच्या कडेचा पोटखराबा, ज्याचे पैसे दिले नव्हते, तिथेच ते बसवलंय. सगळं धरून एकर वीसच्या आसपास गेला. शेजारी ज्याने बावीसने घेतली, त्याला पाणी अजून आणायचंय.

आता कालव्याच्या बोलण्याने आणि इतर कशाकशाने तिथला आकडा सव्वीसपर्यंत ऐकू येतो. आम्हाला आणखी जमीन हवी आहे, पण बाहेर शोधत नाही. बांधावरचा तो चुलतभाऊ त्याचे तीस गुंठे काढतोय. जिरायताला किमान वीस गुंठ्यांची मर्यादा आहे, त्यामुळे तुकडेबंदीची अडचण नाही. ते तीन गुंठेही त्यातच मिटतील. त्याच्या उताऱ्यावर सोसायटीचा बोजा आहे, म्हणून बाहेरचं गिऱ्हाईक थांबत नाही. आम्ही सांगितलंय की पहिला चेक सोसायटीच्या नावाने काढू आणि कर्ज बाकी नसल्याचा निल दाखला आला की बाकीचं. सोसायटीचं देणं किती ते त्याने विचारायला टाकलंय, आकडा कळला की काकांकडे बसायचं. बहिणी किती, ते मात्र मी आधीच विचारून घेतलं. दोन आहेत, आणि दोघींचे फोन नंबर माझ्याकडे आहेत.